डाव्या पायाच्या चपला

मी मस्कतला बालवाडीत शिकवते. तिथल्या पोरांची मी परदेशी मिस, आणि हिवाळ्याच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत रोह्याशेजारच्या अष्टमी गावी, माहेरी, आले की इथली पाहुणी. त्या वर्षी मात्र मी पाहुणी म्हणून आले नव्हते. माझ्या पर्समध्ये माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या व्हिसाचा कागद होता आणि परतीची तिकिटं दोन होती. मुलगा अडीच वर्षं माझ्या अम्माकडे, भाई आणि भाभीकडे अष्टमीलाच वाढत होता. तिकडे आम्ही नवरा-बायको दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर जागा वाटून राहायचो, पोराला ठेवणार कुठे? आता आमची स्वतःची खोली झाली होती आणि मी त्याला न्यायला आले होते.

सगळं ठरलं होतं. फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"सांगू की गो, एवढी कसली घाई?" अम्मा म्हणायची. भाईही तेच म्हणायचा. खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती, मला भीती वाटत होती.

आता जरा माझ्या वर्गातली गोष्ट सांगते, म्हणजे माझी लाज नीट कळेल. शाळा सुरू होते तेव्हा पहिला आठवडा दारातच जातो. आया पोराला खेळण्यांपाशी बसवतात, त्याची पाठ वळली की पळतात. मी ते चालू देत नाही. चोरून जायचं नाही, हा माझा नियम. पोराच्या डोळ्यांत बघून सांगायचं, मी जाते, अमुक वेळेला येते. रडेल, तर रडू दे. रडणाऱ्या पोराची मला काळजी नसते. जे पोर रडत नाही, गुपचूप दाराकडे बघत बसतं, त्याच्याशेजारी मी जाऊन बसते. नव्या शिक्षिका आल्या की त्यांनाही मीच हे शिकवते, तेही ताठ मानेनं.

आणि आमच्या मोहल्ल्याची रीत बरोबर उलटी. इथे एक घर सोडून दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी कुवेतला, दोह्याला, नाहीतर मस्कतला. निघायची वेळ झाली की कोणीतरी लहान पोरांना पुलावर होड्या दाखवायला नेतं. पोर परत येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. "बाजारात गेली, येल आता," एवढं सांगितलं की झालं. माझे वडीलही असेच गेले होते. मी कुंडलिकेच्या पुलावर बिस्किटांचा अख्खा पुडा खाल्ला, घरी आले, आणि अब्बा पुढची दोन वर्षं बाजारात होते. यात कोणाला काही वाईट वाटत नाही. पोरांना त्रास होऊ नये म्हणूनच करतात.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या पोराला तसंच फसवून गेले. भाईने त्याला रोहा स्टेशनवर गाडी दाखवायला नेलं. नेमकी त्या वेळी माझी एक चप्पल सापडेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अम्मा दुवा पुटपुटतेय, आणि मी गल्लीतल्या कुत्र्याच्या नावानं ठणाणा करतेय. शेवटी भाभीच्या चपला पायात घातल्या आणि निघाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

या खेपेला मी आल्याच्या चौथ्या दिवसापासून पुन्हा चपला जायला लागल्या. सकाळी भाई पहिल्या शिफ्टला निघाला, तर एकच चप्पल दारात. शेवटी सुट्टीत घालायचे बूट घालून कंपनीत गेला. दुसऱ्या दिवशी अम्माची एक गेली. मग भाभीची, मग भाभीचीच दुसऱ्या जोडातली. कुत्र्याला भाईने दोनदा काठी दाखवली. बिचारं उन्हात पडून आमच्याकडे बघत राहिलं. माझी चप्पल तेवढी जागच्या जागी असायची, नीट शेजारी शेजारी लावून ठेवलेली.

"तुझे परदेशी चपलेचा वास कुत्र्याला पण आवडत नाय," अम्मा म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो. मुलगा हसला नाही. तो भाभीची ओढणी बोटाला गुंडाळत उभा होता.

तो दिवसभर असाच असायचा. भाभी चुलीपाशी तर हा उंबऱ्यात. ती न्हाणीत गेली की दाराबाहेर पाटावर बसून राहायचा आणि मधेमधे विचारायचा, "मामी, हायस ना?" आतून ती म्हणायची, "हाय रे, हाय." मला तो अम्मी म्हणायचा, पण शेजारच्या बाईला खाला म्हणावं तसं. मी माझ्या धंद्यातल्या सगळ्या युक्त्या काढल्या. बोटावरच्या बाहुल्या झाल्या, टाळ्यांची गाणी झाली, कागदाचे बेडूक झाले. तो सगळं करायचा. सांगितलं की टाळी वाजवायचा, बेडूक उडवायचा, आणि खेळ संपला की बेडूक माझ्या हातात परत देऊन भाभीकडे जायचा. तिकडे बावीस पोरं माझ्या अंगाखांद्यावर लोंबकळतात, आणि इथे माझं एकुलतं एक मला वस्तू परत करतं.

मला भाभीचा हेवा वाटायचा. स्पष्टच लिहिते, उगाच सोवळेपणा कशाला. तिला मूल नाही. माझ्या पोराचं हगणं-मुतणं, दुखणं-खुपणं तिने केलं. आणि मी आल्या दिवसापासून ती त्याला हाताने जेवायला शिकवत होती. घास भरवायला गेलेला हात मागे घ्यायची नि म्हणायची, "आता आपल्या हाताने खा. तिकडं कोण भरवील?" ती तयारी करत होती, आणि हे दिसत असूनही मी एक दिवस तिच्यावर घसरले.

"शेपूट करून ठेवलंयस त्याला. अशी चिकट पोरं शाळेत टिकत नाहीत," मी म्हटलं.

ती पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायला, वालाच्या शेंगा निवडत बसली होती. तिने वर बघितलं नाही. शेंगा निवडून झाल्यावर टोपली उचलून आत गेली, आणि त्या संध्याकाळी शेतात सगळे पोपटी लावायला गेले तेव्हा डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबली. मुलगाही तिच्याबरोबर थांबला. मला शेंगा गोड लागल्या नाहीत.

मस्कतहून नवऱ्याचा रोज फोन. "सांगितलंस का त्याला?" मी म्हणायची, सांगते. "अगं, आठवडाच राहिला." आता सांगते.

मग भाईने युक्ती काढली. निघायच्या दिवशी पोराला म्हणायचं, आपण सगळे पेणला चाललोय. भाभी गाडीत बसेल, म्हणजे तोही बसेल. पेणच्या स्टँडपाशी गाडी थांबवायची. भाभी पापड आणायला म्हणून उतरेल, आणि गाडी सरळ पनवेलकडे.

"पनवेलपर्यंत रडेल, मग झोपेल," भाई म्हणाला. "विमानात बसला की इसरेल सगळं. लहान हाय."

भाभी उठून ताटं गोळा करायला लागली. अम्मा माझ्याकडे बघत होती. आणि मी, दारातल्या आयांना डोळ्यांत बघून सांगा म्हणणारी मी, म्हटलं, "बरं. तसंच करू." कारण तो माझ्याबरोबर हसत निघणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला ओढून नेताना मोहल्ल्याने बघू नये एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

तरी मनाला चैन पडेना, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी मी त्याला एकटीने पेणला नेऊन आणायचं ठरवलं. निमित्त होतं. वर्गासाठी थोडी शाडूची माती हवी होती, आणि माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीच्या वडिलांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. खरं कारण, तो माझ्याबरोबर एक दिवस राहतो का ते बघायचं होतं. भाभीने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि सांगितलं, "अम्मीबरोबर गाडीनं जायचं नि गाडीनं यायचं. मी हितंच हाय." तेव्हा कुठे तो निघाला.

रोह्याहून गाडी सुटली. त्याने खिडकी धरली. नागोठणं आलं, कासू आलं, तो प्रत्येक स्टेशनला विचारत होता, "परत हीच गाडी का?" मी म्हणत होते, "व्हय, हीच." मला बरं वाटायला लागलं होतं. पेणला उतरल्यावर गर्दीत त्याने आपणहून माझं बोट धरलं. एवढ्यावरसुद्धा मी खूश झाले.

कारखान्याच्या बाहेर कामगारांच्या चपलांचा ढीग होता. आम्हीही दारात चपला काढल्या. आत फळ्यांवर पांढरे गणपती रांगेने वाळत ठेवलेले, कोणाचेच डोळे अजून रेखलेले नव्हते. दोन बाया घासकागदाने मूर्तींची पाठ घासत होत्या. मैत्रिणीच्या वडिलांनी पोराला पाटावर बसवलं, मातीचा गोळा दिला आणि म्हणाले, "बघू, उंदीर करतोस का?" तो कामाला लागला. जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आत रंगाच्या मशीनचा आवाज, काही ऐकू येईना. मी उठले, दारात चपला पायात सरकवल्या आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. पोराला सांगितलं नाही. त्याची मान खाली होती, खेळात होता, मला वाटलं, कशाला उगाच मोडा. दारातल्या आयाही नेमकं हेच म्हणतात.

फोनवर आमचं वाजलं. भाईची युक्ती सांगितली तेव्हा नवरा म्हणाला, छान. मला ते 'छान' टोचलं. मी काहीतरी बोलले, तो काहीतरी बोलला. पाचेक मिनिटं गेली असतील. परत आले तर पाटावर मातीचा अर्धवट उंदीर आणि मुलगा नाही.

"आता तर हितंच व्हता गो," घासणारी बाई म्हणाली.

मी फळ्यांच्या मागे बघितलं, पोत्यांच्या मागे बघितलं, मागच्या अंगणात साच्यांची रास होती तिथे बघितलं. त्याला हाका मारत होते आणि माझा आवाज माझाच वाटत नव्हता. समोर रस्ता, रस्त्यावर डंपर. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मैत्रिणीचे वडील तशाच मातीच्या हातांनी रस्त्याकडे धावले.

तो दाराच्या फळीमागे होता, मघाशी मी त्याच्या बाजूनेच आत गेले होते. चपलांच्या ढिगात उकिडवा बसून एकेक चप्पल उचलून बाजूला ठेवत होता. ढीग जवळजवळ उपसून झाला होता. मी त्याच्यापुढे येऊन उभी राहिले तर त्याने आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग वर.

"काय करतोस इथे?" मी जवळजवळ किंचाळले.

"तुजी नव्हती हितं," तो म्हणाला.

"माझी काय?"

"चप्पल. चप्पल नाय म्हंजे तू गेलीस."

हे त्याने रडत सांगितलं नाही, दोन नि दोन चार म्हणावं तसं सांगितलं. त्याचे डोळे कोरडे होते. अशा पोराशेजारी वर्गात मी जाऊन बसते. मी त्या चपलांत, धुळीत, त्याच्याशेजारी बसले.

परतीच्या गाडीत तो खिडकीपाशी झोपला. मी त्याच्या बाजूला बसून हरवलेल्या चपलांचा हिशेब लावत होते, तो कासूच्या आसपास जुळला. कुत्र्याचा काही दोष नव्हता.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून ओटीवर होतं. भाभी शेजारी गेली होती, अम्मा नमाजाला बसली होती. मी त्याच्यापुढे खाली बसले आणि हळूच विचारलं, "चपला कुठे ठेवल्यास, मला दाखवतोस? मी कोणाला रागवू देणार नाही."

मग माझा हात न धरता पुढे चालायला लागला. मागच्या खोलीत भाताचं जुनं पत्र्याचं पिंप आहे, हल्ली रिकामंच असतं. त्याने लाकडी खोका ओढला, त्यावर चढला आणि झाकण सरकवलं.

आत सगळ्या डाव्या पायाच्या चपला होत्या. वर भाभीच्या दोन, तिच्याच जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या. त्याखाली अम्माची. मग भाईची, मोठी, काळी. एक चप्पल काढून घेतली की माणसाला जाता येत नाही, एवढी साधी गोष्ट. जी जी माणसं त्याला जवळ हवी होती त्यांची चप्पल तिथे होती. मी पिंपात वाकून पुन्हा बघितलं. माझी नव्हती. माझी बाहेर दारात होती, रोजच्यासारखी नीट लावलेली. ती कोण लावत होतं तेही मला आता कळलं.

विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "माझी नाही लपवलीस?"

"लपवली व्हती," तो म्हणाला. "तरी गेलीस."

त्याने पिंपाच्या तळाकडे बोट दाखवलं. मी हात घातला. तळाशी, भुशात, माझी मागच्या वर्षीची तपकिरी चप्पल होती. डाव्या पायाची.

मी ती हातात घेऊन किती वेळ तिथे बसले ते आठवत नाही. रडले, हे आठवतं. तो खोक्यावर उभा राहून बघत होता. मग त्याने माझ्या हातातून चप्पल घेतली, परत पिंपात टाकली आणि झाकण लावलं. त्याच्या दृष्टीने ती आता काही कामाची नव्हती, पण तिची जागा तिथेच होती.

चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं की पेणची युक्ती करायची नाही.

"मग काय तोंडावर सांगणार?" भाई भडकला. "जीव घेशील पोराचा. मोहल्ला गोळा होयल."

"होऊ दे."

"तुला त्याला न्यायचाय का नाय?"

हा प्रश्न बरोबर होता. मला त्याला न्यायचं होतं. पण माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी कुठल्याच पोराला आईशिवाय घेत नाही. आईने आठवडाभर मागच्या खुर्चीत बसायचं, पोराने वळून वळून बघायचं की ती आहे, आणि एक दिवस ते वळायचं विसरतं, तेव्हा ती उठू शकते. माझ्या पोरासाठी त्या खुर्चीत कोण बसायला हवं होतं, हे मला पिंपापाशीच कळलं होतं. ती खुर्ची भाभीची होती.

"या खेपेला नाही नेत," मी म्हटलं. "आंबे पिकले की भाभी त्याला घेऊन मस्कतला येईल. दोन महिने राहील. येशील का गो भाभी?"

भाभी कपात बघत होती. "मला विमानाची भीती वाटते," ती म्हणाली, आणि कप खाली ठेवून, "येन."

नवऱ्याला फोन केला. व्हिसाची मुदत संपेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, लोक काय म्हणतील, मी वेडी आहे का, हे सगळं त्याने विचारलं आणि फोन ठेवून दिला. मुलाची खाट त्याने आणून जोडून ठेवली होती, हे त्याने सांगितलं नाही, मला नंतर जाऊन दिसलं.

मुलाला मी त्याच दिवशी सांगितलं. डोळ्यांत बघून. मी जाणार, परवा दुपारी, तुझ्यासमोर. तू मामीबरोबर राहणार. आंबे पिकतील तेव्हा तुम्ही दोघं विमानात बसून माझ्याकडे येणार. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "मामी पन?" मी म्हटलं, व्हय. "तिची चप्पल पिंपातनं काढू का मग?" मी म्हटलं, तुला वाटेल तेव्हा काढ. त्याने त्या दिवशी एकही काढली नाही. त्या दोन दिवसांत मी सामान भरलं. बॅगा काट्याला लटकवून वजन करताना तो भिंतीला टेकून बघत राहिला.

ठरलेल्या दिवशी दुपारी गाडी दारात आली. सवयीने शेजारची खाला म्हणाली, "पोराला नेऊ का पुलावर?" मी म्हटलं, नको. मोहल्ला गोळा झाला होताच. अम्माने दुवा केली, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून माझ्या दंडाला नाणं गुंडाळलेला इमाम जामिन बांधला. मी ओट्यावर खाली बसले, त्याच्यासमोर आधी उजवी चप्पल घातली, मग डावी.

"मी जाते," मी म्हटलं. "आंबे पिकले की भेटू."

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही चपला पायात. त्याचं तोंड आधी वेडंवाकडं झालं, आवाज मागाहून आला. असा टाहो फोडला की कुत्रं उठून पळालं. त्याने माझा डावा पाय चपलेसकट मिठीत धरला आणि "नको जाव, नको जाव" म्हणत लोळण घेतली. भाभी त्याला सोडवायला वाकली, तिलाही आवरेना.

"रडवलंच बघा पोराला," मागून कोणीतरी म्हणालं.

अडीच वर्षांत तो माझ्यासमोर माझ्यासाठी पहिल्यांदा रडत होता. मी आयांना सांगते, निघालात की मागे बघू नका, सरळ चालत जा. मी बघितलं. गाडीत बसेपर्यंत बघितलं, काच खाली करून बघितलं, गाडी पुलावर चढली तरी त्याचा आवाज येत होता आणि खुदा माफ करो, माझ्या जिवाला त्यातच गारवा वाटत होता.

पूल संपल्यावर ड्रायव्हरने आरशात बघितलं. "ताई, चढताना बघितलं मी, तुमची एक चप्पल राहिली. वळवू का गाडी?"

मी खाली बघितलं. डावा पाय उघडा होता.

"नको," मी म्हटलं. "राहू दे त्याच्याकडे."